विश्लेषण : ‘उपाशी’ कोण हे ठरते कसे? बुध गावातून रोमला गेलेल्या डॉ. सुखात्मे यांचे गणित काय सांगते?

जगात २०२४ मध्ये सुमारे ६७ कोटी ३० लाख लोक भुकेच्या विळख्यात होते, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने (एफएओ) आणि सहयोगी संस्थांनी २०२५च्या अहवालात दिला. असा आकडा दरवर्षी जाहीर होतो. जागतिक भूक निर्देशांकातील चार निकषांपैकी एक निकष याच आकडेवारीवर बेतलेला असतो. २०२४च्या निर्देशांकात भारत १२७ देशांत १०५व्या स्थानी होता आणि या मोजमापावर भारत सरकारने गेल्या काही वर्षांत वारंवार आक्षेप घेतले आहेत. पण एखादा माणूस ‘उपाशी’ आहे हे ठरते कसे? या हिशेबाची मूळ मांडणी सातारा जिल्ह्यात जन्मलेल्या आणि पुण्यात शिकलेल्या एका मराठी संख्याशास्त्रज्ञाने रोममध्ये बसून केली. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे त्यांचे नाव. त्यांची कारकीर्द आणि तिच्याशी जोडलेले वाद समजून घेतले, की आजच्या आकड्यांवरील भांडणही समजते.

डॉ. सुखात्मे कोण होते?

सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून गणित विषय घेऊन ते १९३२ मध्ये पदवीधर झाले. पुढील शिक्षणासाठी ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये गेले. त्या काळात हे महाविद्यालय आधुनिक संख्याशास्त्राचे माहेरघर होते. रोनाल्ड फिशर, जेर्झी नेमन, इगॉन पिअर्सन अशी मंडळी एकाच ठिकाणी काम करत होती. तेथे सुखात्मे यांना १९३६ मध्ये पीएचडी आणि १९३९ मध्ये डीएससी मिळाली. मायदेशी परतल्यावर कोलकात्याच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थ या संस्थेत त्यांनी अल्पकाळ अध्यापन केले. १९४० मध्ये ते दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत, म्हणजे आजच्या ‘आयसीएआर’मध्ये दाखल झाले. तेथे त्यांनी उभा केलेला सांख्यिकी विभाग पुढे भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्था म्हणून नावारूपाला आला. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कृषी सांख्यिकी संस्थेच्या उभारणीतही त्यांचा पुढाकार होता. डॉ. राजेंद्र प्रसाद हे या संस्थेचे पहिले अध्यक्ष.

पीक कापणी प्रयोगाशी त्यांचा काय संबंध?

चाळीसच्या दशकात देशात धान्य किती पिकते, हे नेमके कोणालाच माहीत नव्हते. गावपातळीवरचा कर्मचारी शिवारावर नजर टाकून ‘यंदा इतके आणे पीक’ असा अंदाज लिहायचा. यालाच आपल्याकडे आणेवारी म्हणत. १९४३ मध्ये बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि धान्याचा खरा हिशेब नसणे किती महागात पडते, हे दिसले. सुखात्मे यांनी नजर अंदाजाऐवजी नमुना पद्धतीने पीक कापणीचा आग्रह धरला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी गावे व शेते निवडायची, त्या शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तेवढेच पीक कापून, मळून तोलायचे आणि त्यावरून तालुक्याचे किंवा जिल्ह्याचे उत्पादन काढायचे.

तुकडा किती मोठा असावा, यावरून त्यांचा प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्याशी वाद झाला. महालनोबीस यांच्या पद्धतीत काही फूट त्रिज्येची लहान वर्तुळे घेतली जात. ती स्वस्त पडत आणि कमी वेळात अनेक ठिकाणी घेता येत. सुखात्मे यांनी गव्हाच्या शेतांत लहान-मोठे तुकडे कापून तुलना केली. तुकडा जितका लहान, तितके उत्पादन फुगलेले दिसते, असे त्यांना आढळले. कारण साधे होते. आखणीच्या रेषेवर उभी असलेली ताटे आत धरायची की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा कल आत धरण्याकडे असतो. तुकडा लहान असेल तर एकूण पिकाच्या मानाने कडेची ताटे जास्त, म्हणून चूकही मोठी. १९४६ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात त्यांनी हे मांडले. सुखात्मे मोठा तुकडा वापरत. तो ३३ फूट बाय साडेसोळा फूट, म्हणजे एकरचा ८०वा हिस्सा असे. आज पीक विम्यासाठी होणाऱ्या पीक कापणी प्रयोगात अनेक पिकांसाठी १० मीटर बाय ५ मीटरचा प्लॉट आखला जातो. माप जवळपास तेच आहे. महसूल मंडळाचे सरासरी उत्पादन उंबरठा उत्पादनापेक्षा कमी की जास्त, हे त्या दोरीने आखलेल्या चौकटीवर ठरते आणि त्यावर शेतकऱ्याची भरपाई अवलंबून असते.

एफएओमध्ये त्यांची भूमिका काय होती?

एफएओची स्थापना १६ ऑक्टोबर १९४५ रोजी झाली. १९५१ मध्ये तिचे मुख्यालय वॉशिंग्टनहून रोमला हलले आणि त्याच वर्षी सुखात्मे संघटनेत रुजू झाले. सांख्यिकी विभागाचे संचालक म्हणून त्यांनी सुमारे दोन दशके काम केले. याच काळात १९५६ ते १९६७ या वर्षांत विनयरंजन सेन हे संघटनेचे महासंचालक होते. सेन यांनी त्याआधी इटली, अमेरिका व जपानमध्ये भारताचे राजदूत म्हणून काम केले होते. ‘भूकमुक्ती मोहीम’ १९६० मध्ये त्यांच्याच पुढाकाराने सुरू झाली. सेन यांचे काम देशोदेशींच्या सरकारांना राजी करण्याचे, तर सुखात्मे यांचे काम त्या मोहिमेमागचे आकडे पक्के करण्याचे होते.

आंतरराष्ट्रीय सनदी अधिकारी आणि राजदूत यांत मोठा फरक असतो. राजदूत आपल्या सरकारची बाजू मांडतो. आंतरराष्ट्रीय अधिकाऱ्याने मात्र कोणत्याही सरकारकडून, अगदी स्वतःच्या देशाकडूनही, सूचना मागायच्या नसतात आणि घ्यायच्याही नसतात. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील कलम १०० तसे सांगते आणि एफएओच्या घटनेतही अशी तरतूद आहे. सांख्यिकी विभागात या अटीचा खरा कस लागतो. आपल्याकडे भूक कमी आहे, असे दाखवणे काही सरकारांच्या सोयीचे असते. मदत हवी असलेल्यांना ती जास्त दिसलेली चालते. धान्य निर्यात करणाऱ्या देशांचे हिशेब आणखी वेगळे असतात. या सगळ्यांनी मान्य करावा असा आकडा हवा असेल, तर आकडा काढण्याची रीत आधी जाहीर आणि सर्वांसाठी सारखी असावी लागते. शेती गणना, अन्नधान्याचे ताळेबंद आणि नमुना पाहण्या यांच्या समान पद्धती देशोदेशी रुजवण्याचे काम सुखात्मे यांच्या विभागाने केले. नमुना पाहणीच्या सिद्धांतावरचा त्यांचा १९५४चा ग्रंथ अनेक देशांत पाठ्यपुस्तक म्हणून वापरला गेला.

‘दोन तृतीयांश जग उपाशी’ या दाव्याचे काय झाले?

एफएओचे पहिले महासंचालक जॉन बॉइड ऑर यांना १९४९ मध्ये शांततेचे नोबेल मिळाले होते. जगातील किमान दोन तृतीयांश माणसे आयुष्यभर भूक व कुपोषण सोसतात, असे त्यांनी १९५० मध्ये लिहिले. हे विधान जगभर गाजले. पण कॉलिन क्लार्क यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी ‘हा आकडा आला कुठून?’ असा प्रश्न विचारला आणि संघटनेची विश्वासार्हताच पणाला लागली.

सुखात्मे यांनी १९६१ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे जगाच्या भुकेवर निबंध वाचला. १९६३ मध्ये एफएओचे तिसरे जागतिक अन्न सर्वेक्षण प्रसिद्ध झाले. त्यात दोन गोष्टी वेगळ्या केल्या होत्या. पोटाला पुरेसे उष्मांक न मिळणे म्हणजे अल्पपोषण आणि पोट भरूनही आहारात कस नसणे म्हणजे कुपोषण. जगातील १० ते १५ टक्के लोक अल्पपोषित आहेत आणि भूक किंवा कुपोषण किंवा दोन्ही सोसणारे लोक निम्म्यापर्यंत असू शकतात, असा निष्कर्ष निघाला. तेव्हा जगाची लोकसंख्या सुमारे ३०० कोटी होती. म्हणजे अल्पपोषित लोक ३० ते ४५ कोटी. दोन तृतीयांशच्या मानाने हा आकडा फारच लहान होता. भूकमुक्तीची मोहीम ऐन भरात असताना तिच्याच संघटनेने असा आकडा मांडणे सोपे नव्हते. पण आता विचारणाऱ्याला हिशेब दाखवता येत होता. सोसायटीने १९६३ मध्ये सुखात्मे यांना रौप्य गाय पदक देऊन गौरवले.

हा हिशेब नेमका चालतो कसा?

तो तीन पायऱ्यांचा आहे. पहिली पायरी ताळेबंदाची. देशात पिकलेले धान्य अधिक आयात, त्यातून निर्यात, बियाणे, पशुखाद्य व नासाडी वजा करायची, साठ्यातील चढउतार धरायचे आणि उरलेल्या अन्नाचे उष्मांक लोकसंख्येने भागायचे. ही झाली माणशी सरासरी. दुसरी पायरी वाटपाची. सरासरी चांगली असली, तरी कोणाच्या ताटात जास्त आणि कोणाच्या ताटात कमी पडते. ही विषमता कुटुंबांच्या पाहण्यांतून काढली जाते. तिसरी पायरी रेषेची. किती उष्मांकांच्या खाली माणूस अल्पपोषित मानायचा?

खरी मेख या तिसऱ्या पायरीत आहे. सहज सुचते ते म्हणजे सरासरी गरजेलाच रेषा मानणे. सुखात्मे यांचा याला आक्षेप होता. प्रत्येकाच्या पायाच्या मापाची चप्पल असलेल्या गावाची कल्पना करा. चपलेचा सरासरी नंबर आठ निघाला, म्हणून सात नंबर घालणाऱ्यांना ‘चप्पल अपुरी पडते’ असे म्हणता येत नाही. त्यांचा पायच तेवढा असतो. अन्नाचेही तसेच. वय, वजन, कष्ट सारखे असले तरी दोन निरोगी माणसांची गरज सारखी नसते. सगळे जण आपापल्या गरजेइतकेच जेवत असतील, तरी निम्म्याच्या आसपास लोक सरासरीच्या खाली दिसणार. त्यांना उपाशी ठरवले, तर आकडा उगाच फुगतो. म्हणून रेषा सरासरीच्या बरीच खाली, निरोगी माणसाच्या किमान गरजेपाशी आखावी, असे त्यांचे म्हणणे होते. एफएओ आज जी ‘किमान आहार ऊर्जा गरज’ वापरते, तिचे मूळ या मांडणीत आहे. सुधारणा अनेक झाल्या, पण चौकट तीच राहिली. शाश्वत विकास उद्दिष्टांमध्ये भूक मोजण्यासाठीही हाच निर्देशक वापरला जातो.

प्रथिनांच्या संकटाबद्दल ते काय म्हणाले?

साठच्या दशकात जगापुढे प्रथिनांचे संकट उभे आहे, असा गजर सुरू झाला. संयुक्त राष्ट्रांनी १९६८ मध्ये त्यावर अहवालही काढला. माशांपासून प्रथिनांची पूड, सूक्ष्मजीवांपासून प्रथिने अशा योजनांवर भर दिला जाऊ लागला. सुखात्मे यांनी भारतातील आहाराच्या पाहण्या तपासून वेगळे निदान केले. भाकरी आणि डाळीचे जेवण पोटभर मिळाले, तर बहुतेकांना पुरेशी प्रथिने त्यातूनच मिळतात. जेवणच अपुरे असेल, तर शरीर मिळालेली प्रथिनेही ऊर्जेसाठी जाळते. तेव्हा महागडी पूड वाटण्याआधी पोटभर जेवणाची सोय करा, असा त्याचा अर्थ होता. १९७३ मध्ये एफएओ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने प्रौढांसाठी प्रथिनांच्या गरजेचा अंदाज खाली आणला. हळूहळू ‘प्रथिनांची दरी’ हा शब्दप्रयोगही मागे पडला.

पुण्यात परतल्यावर वाद का पेटला?

१९७१ मध्ये सुखात्मे यांना पद्मभूषण मिळाले. रोमहून ते पुण्याला आले आणि महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स (आजची आघारकर संशोधन संस्था) या संस्थेत आहाराच्या प्रश्नावर काम करू लागले. तेथून पायी जाण्याच्या अंतरावर गोखले अर्थशास्त्र संस्था आहे. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा गाजलेला अभ्यास याच संस्थेतून १९७१ मध्ये बाहेर आला होता. माणशी रोज २,२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च ही त्यांनी दारिद्र्याची रेषा मानली. १९६०-६१च्या किमतींनुसार ती ग्रामीण भागात महिना १५ रुपये आणि शहरांत साडेबावीस रुपये होती. या रेषेखाली ग्रामीण भागातील ४० टक्के आणि शहरांतील जवळपास ५० टक्के लोक होते.

सुखात्मे यांनी यालाही सरासरीचाच आक्षेप लावला आणि पुढचे पाऊल टाकले. एकाच माणसाची गरजही रोज बदलते. एका मर्यादेपर्यंत शरीर कमी अन्नात काम भागवून घेते, असे त्यांनी अमेरिकी शास्त्रज्ञ शेल्डन मार्गेन यांच्यासह मांडले. ती मर्यादा ओलांडली, तरच त्याला अल्पपोषण म्हणावे. या हिशेबाने अल्पपोषितांचे प्रमाण दांडेकर-रथ यांच्या आकड्यांच्या निम्म्यावर किंवा त्याहून खाली येत होते.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये दोघा पुणेकरांची जुगलबंदी रंगली. दांडेकर यांचा मुद्दा असा की, त्यांची रेषा एकेका माणसाची नाही, तर खर्चाच्या गटाची आहे. हजारो कुटुंबांच्या गटाची सरासरी काढली, की जास्त आणि कमी गरज असणारे एकमेकांना भरून काढतात. तरीही गरीब गटाचे सरासरी जेवण सरासरी गरजेच्या खाली असेल, तर त्याचे कारण पोट लहान हे नसून खिसा रिकामा हे आहे. चपलेच्या उदाहरणात सांगायचे, तर गावातील एका गरीब वस्तीतच सगळ्यांच्या चपला लहान निघाल्या, तर ‘त्यांचे पायच लहान’ हे उत्तर पटण्यासारखे नाही.

आहारतज्ज्ञांची टीका काय होती?

ती अधिक बोचरी होती. अमेरिकी अर्थतज्ज्ञ डेव्हिड सेक्लर यांनी सुखात्मे यांच्या विचाराचा आधार घेत ‘लहानखुरे पण निरोगी’ अशी मांडणी केली. ठेंगणी मुले परिस्थितीशी जुळवून घेतात, त्यांना कुपोषित म्हणू नये, असा तिचा सूर होता. ज्येष्ठ आहारतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी तिच्यावर कडाडून हल्ला चढवला. शरीर जुळवून घेते, पण त्याची किंमत मोजून. वाढ खुंटते, काम करण्याची ताकद घटते, खेळणे-बागडणे कमी होते. गरिबांसाठी एक माप आणि श्रीमंतांसाठी दुसरे, असे विज्ञान असू शकत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. आकडा कमी झाला की सरकारची जबाबदारीही कमी होते, ही भीती त्यामागे होती. शरीर किती जुळवून घेते याबद्दलच्या सुखात्मे यांच्या सिद्धांताला आहारशास्त्रात सर्वमान्यता मिळाली नाही. रेषा सरासरीच्या खाली आखण्याचा त्यांचा सांख्यिकी मुद्दा मात्र एफएओच्या पद्धतीत कायम राहिला.

सुखात्मे यांना गरिबी दिसत नव्हती का?

तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. उत्तरायुष्यात त्यांचा सगळा भर शुद्ध पाणी आणि स्वच्छतेवर होता. दूषित पाणी, जंत आणि वरचेवर होणारे जुलाब यामुळे खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. गळक्या हंड्यात कितीही पाणी ओतले तरी तो भरत नाही. म्हणून ताटात अन्न वाढण्याबरोबर शौचालय आणि स्वच्छ पाणी पोचले पाहिजे, असे ते सांगत. तेव्हा हा मुद्दा भुकेचा प्रश्न टाळण्याची पळवाट वाटला. उघड्यावरील शौच आणि मुलांची खुंटलेली वाढ यांचा संबंध दाखवणारे अभ्यास गेल्या काही वर्षांत पुढे आल्यावर त्याकडे नव्याने पाहिले जाऊ लागले. २८ जानेवारी १९९७ रोजी पुण्यात सुखात्मे यांचे निधन झाले. केंद्र सरकारने त्यांच्या नावाने संख्याशास्त्रातील राष्ट्रीय पुरस्कार सुरू केला. तो २९ जूनच्या सांख्यिकी दिनी दिला जात असे. हा दिवस त्यांचे जुने प्रतिस्पर्धी महालनोबीस यांचा जन्मदिवस आहे.

आजच्या वाचकासाठी यात काय आहे?

एक, एफएओचा भुकेचा आकडा किमान गरजेच्या रेषेवर उभा आहे. रेषा मुळातच खाली असल्याने तो पोषणाचे पूर्ण चित्र दाखवत नाही. या आकड्यात नसलेला माणूस सकस जेवतोच, असा त्याचा अर्थ नाही. दोन, हा अंदाज आहे, शिरगणती नाही. ताळेबंद आणि कुटुंबांच्या खर्चाच्या पाहण्या जितक्या ताज्या, तितका अंदाज भरवशाचा. पाहण्या वेळेवर करणे आणि त्यांची माहिती खुली करणे हे सरकारांच्याच हाती असते. तीन, मदत कोणाला द्यायची हे केवळ अशा रेषेवर सोडणे धोक्याचे आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ मध्ये आला, तेव्हा ग्रामीण भागातील ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरांतील ५० टक्क्यांपर्यंत लोकसंख्येला स्वस्त धान्याचा हक्क देण्यात आला. ही व्याप्ती दांडेकर-रथ यांच्या ग्रामीण आकड्यापेक्षाही कितीतरी मोठी आहे.

भूक निर्देशांकातील क्रमांकावर पुढच्या वेळी वाद झाला, तर दोन्ही बाजूंना तीन प्रश्न विचारता येतील. रेषा कुठे आखली? ताळेबंद आणि पाहणी कोणत्या वर्षाची? आणि रेषेच्या जरा वर असलेल्या माणसाच्या ताटात काय आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे जाहीर असावीत, यासाठी सुखात्मे यांनी आयुष्य वेचले. तिसरा प्रश्न त्यांच्या टीकाकारांनी लावून धरला आणि तो आजही तितकाच खरा आहे.